विश्लेषण : आग्नेय आशियाचा सिनेमा विकिपीडियावर त्रोटक का?

थायलंडच्या अपिचातपाँग वीरासेथाकुल यांच्या ‘अंकल बूनमी’ चित्रपटाला २०१० मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यांच्याविषयी विकिपीडियावर भरपूर वाचायला मिळते. मात्र याच भागातले जुने, लोकप्रिय चित्रपट शोधले, तर अनेकदा दोन-चार ओळींवर समाधान मानावे लागते. असे का?

मूळ अडचण कोणती?

विकिपीडियावर कोणीही लिहू शकते. पण मजकुराला विश्वासार्ह आणि स्वतंत्र प्रकाशित संदर्भ लागतो. महोत्सवात गाजलेल्या चित्रपटांची समीक्षा इंग्रजीत सहज मिळते. स्थानिक प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या चित्रपटांची माहिती थाई, ख्मेर, मलय किंवा तगालोग नियतकालिकांत असते. त्यातला बराच मजकूर कागदावरच राहिला आहे.

चित्रपटच हरवला असेल तर?

फिलिपिन्सचा ‘दालागांग बुकिड’ (१९१९) आणि इंडोनेशियाचा ‘लुतुंग कासारुंग’ (१९२६) हे त्या-त्या देशाचे आरंभीचे कथापट आज उपलब्ध नाहीत. कंबोडियाची स्थिती आणखी विदारक आहे. १९६० ते १९७५ या काळात तिथे सुमारे ४०० चित्रपट निघाले. १९७५ मध्ये ख्मेर रूजची राजवट आली, अनेक कलावंत मारले गेले. त्या काळातले जेमतेम ३० चित्रपट उरल्याचे सांगितले जाते. अशा वेळी पोस्टर, गाणी, जाहिराती आणि वाचलेल्यांच्या आठवणी एवढाच पुरावा राहतो. तो जपण्याचे काम दिग्दर्शक रिथी पान्ह यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये नोम पेन्ह येथे सुरू झालेले बोफाना केंद्र करते.

नावांचा घोळ कसा होतो?

इंडोनेशियात ‘उ’ हा उच्चार पूर्वी रोमन लिपीत ‘ओ’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरे जोडून लिहीत. १९४७ मध्ये त्याऐवजी ‘यू’ आले. १९७२ मध्ये आणखी बदल झाले. त्यामुळे एकाच चित्रपटाची दोन स्पेलिंगे रूढ झाली. एकच शोधले, तर निम्मे संदर्भ निसटतात.

उपाय चालतो का?

होय. मिस्बाख युसा बिरान यांनी १९७५ मध्ये जकार्तात ‘सिनेमाटेक इंडोनेशिया’ हे संग्रहालय उभारले आणि पुढे १९०० ते १९५० या काळातल्या चित्रपटांचा इतिहास लिहिला. अशा छापील साधनांच्या आधारे वसाहतकाळातल्या अनेक चित्रपटांवर इंग्रजी विकिपीडियात सविस्तर लेख तयार झाले. त्यातले कित्येक चित्रपट आज पाहायलाही मिळत नाहीत.

भारताचा संबंध काय?

सिंगापूरच्या मलय सिनेमाची पायाभरणी बऱ्याच अंशी भारतीय दिग्दर्शकांनी केली. बी. एस. राजहंस यांनी १९३०च्या दशकात ‘लैला मजनून’ काढला. कोलकाता आणि मुंबईत काम केलेल्या फणी मजुमदार यांनी पी. रामली यांना घेऊन ‘हांग तुआ’ (१९५६) दिग्दर्शित केला. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या सिनेमासिकांतही उपयोगी धागे मिळू शकतात.

वाचक काय करू शकतात?

पूर्ण लेखच लिहायला हवा असे नाही. जुन्या अंकातल्या एखाद्या बातमीचा संदर्भ नियतकालिकाचे नाव, तारीख आणि पान क्रमांकासह जोडला, तरी नोंद भक्कम होते. छापील संदर्भ ग्राह्य असतो. ब्लॉग आणि चाहत्यांची पाने सहसा टिकत नाहीत. मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि चित्रपटाचे मूळ लिपीतले नाव द्यावे. जो चित्रपट आता पडद्यावर दिसणार नाही, त्याची ओळख अशा नोंदींतूनच टिकणार आहे.