मावळातला गृहप्रकल्प आणि त्याची पर्यावरणीय छाननी

गृहप्रकल्पाची पर्यावरणीय छाननी म्हणजे इमारती उभ्या राहण्याआधी घेतलेला शोध. तिथली जमीन, पाणी, हवा आणि आसपास राहणारी माणसे यांचे पुढे काय होणार आहे, हे त्यात पाहायचे असते. भारतात ही पद्धत पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली चालते. 1994 च्या अधिसूचनेत खाणी, धरणे, कारखाने होते, घरबांधणी नव्हती. जुलै 2004 मध्ये मोठ्या बांधकामांचा तिच्यात समावेश झाला आणि आजची व्यवस्था 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने बसवली. या अधिसूचनेनुसार मंजुरी हातात येईपर्यंत जागेवर बांधकामाची कुदळही मारता येत नाही.

पुणे जिल्ह्यात या छाननीची खरी परीक्षा मावळात होते. नवलाख उंबरे हे त्याचे चांगले उदाहरण. गावाच्या एका अंगाला डोंगर, जाधववाडीचे धरण आणि त्यातून निघून इंद्रायणीला मिळणारी सुधा नदी. दुसऱ्या अंगाला आंबी, बधलवाडी, मिंडेवाडीपर्यंत पसरलेली तळेगावची औद्योगिक वसाहत. कारखाना आला की कामगार येतो, कामगाराला खोली लागते, मग भाड्याच्या चाळी आणि त्यानंतर सदनिकांचे प्रकल्प. कालपर्यंत जिथे भाताची खाचरे होती, तिथले सातबारे बिगरशेती होतात. नियोजनाचे काम 2015 मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, औद्योगिक पट्टा एमआयडीसीकडे आणि गावठाण ग्रामपंचायतीकडे. पाणी मात्र या तिघांच्या हद्दी ओळखत नाही.

छाननी लागू होते ती बांधीव क्षेत्रावरून. 20 हजार चौरस मीटर ते दीड लाख चौरस मीटरपर्यंतचे बांधकाम एका गटात. त्यावरचे, किंवा 50 हेक्टरवरचे नगरवसाहतीचे प्रकल्प दुसऱ्या गटात. पहिल्या गटाला सविस्तर आघात अहवाल लागत नाही, विहित नमुन्यातला अर्ज आणि संकल्पना आराखडा पुरतो. दुसऱ्या गटाला आधी अभ्यासाच्या अटी ठरवून घ्याव्या लागतात आणि मग पूर्ण अहवाल सादर करावा लागतो. 20 हजारांच्या आतले बांधकाम या चाळणीतून सुटते. त्यामुळे एकाच सलग जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेखाली ठेवण्याचा मोह मोठा असतो, आणि शेजारचे गट नंबर, सामाईक रस्ता, एकच प्रवेशद्वार तपासणे हे छाननीचे पहिले काम ठरते. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने औद्योगिक शेड आणि शैक्षणिक इमारतींना या चाळणीतून मोकळे करू पाहिले होते. 5 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. जिथे शेड आणि सदनिका एकाच ओढ्यावर उभ्या राहतात, त्या गावांसाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

अर्ज ‘परिवेश’ या केंद्राच्या संकेतस्थळावर दाखल होतो. तो मान्यताप्राप्त सल्लागाराकडून तयार करून घेतलेला असतो, आणि त्या सल्लागाराचे पैसे विकासकच देतो. ही मूळचीच अडचण आहे. म्हणून अर्जातला प्रत्येक आकडा दुसऱ्या एखाद्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. राज्यात तज्ज्ञ मूल्यांकन समित्या तीन असून पुण्याकडचे प्रकल्प तिसऱ्या समितीसमोर येतात. समितीने शिफारस करायची आणि राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाने निर्णय द्यायचा, अशी विभागणी आहे. समितीला 60 दिवस, प्राधिकरणाला 45.

बांधकामासाठीच्या नमुना अर्जात जमीन, पाणी, वनस्पती, प्राणी, हवा, ऊर्जा, बांधकाम साहित्य असे दहा विषय असतात. मावळात त्यातला सर्वांत बोलका कागद म्हणजे पाण्याचा ताळेबंद.

समजा, प्रकल्पात 500 सदनिका आहेत. घरटी 5 माणसे धरली तर 2,500 माणसे. माणशी रोज 135 लिटर या रूढ प्रमाणाने 3 लाख 37 हजार 500 लिटर पाणी लागते. त्यातले 90 लिटर ताजे आणि 45 लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी, म्हणजे प्रक्रिया केलेले चालते. ताज्या पाण्यातले सुमारे 80 टक्के आणि फ्लशचे सगळे सांडपाण्यात जाते. रोजचे सांडपाणी झाले साधारण 2 लाख 92 हजार लिटर. प्रकल्पातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून म्हणजे ‘एसटीपी’तून निघालेले पाणी फ्लशला 1 लाख 12 हजार लिटर लागते, बागेला समजा 30 हजार. उरलेले दीड लाख लिटर रोज कुठे जाणार? अर्जात बहुधा एका ओळीत उत्तर असते: स्थानिक मलवाहिनीत. गावात मलवाहिनी आहे का, हे तिथे जाऊनच कळते. नसेल तर ते पाणी ओढ्यात, ओढ्यातून सुधेत, सुधेतून इंद्रायणीत जाते. पावसाळ्याचे चार महिने बागेलाही पाणी नको असते. तेव्हा हा आकडा 1 लाख 80 हजारांवर जातो.

एसटीपी नीट चालली तर बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत राहायला हवी. कच्च्या सांडपाण्यात तीच 200 ते 250 मिलिग्रॅम असते. केंद्र नीट चालले तर या प्रकल्पाचा नदीवरचा भार रोज दोन किलोच्या आत राहतो, बंद पडले तर साठ-सत्तर किलोंवर जातो. छाननीची अर्धी मदार म्हणूनच आराखड्यातल्या एसटीपीवर नसून ती चालण्याच्या शक्यतेवर असते. पहिल्या वर्षी पाचशेपैकी चाळीस-पन्नास घरांतच माणसे राहायला येतात. तेवढ्या सांडपाण्यावर जिवाणूंची वाढ टिकत नाही आणि पूर्ण क्षमतेची टाकी नुसती वास मारत राहते. क्षमता टप्प्याटप्प्याने उभारणार की एकदम, वीज गेल्यावर ब्लोअर जनरेटरवर चालतील का, सोसायटीकडे हस्तांतर झाल्यावर महिन्याचे बिल कोण भरणार, हे समितीत विचारायचे प्रश्न आहेत. इंद्रायणी कुरवंडे-लोणावळ्याकडून उतरून कामशेत, वडगाव, देहू, आळंदीवरून तुळापूरला भीमेत जाते. आळंदीत वारकरी ज्या पाण्यात उतरतात त्यावर फेस तरंगताना महाराष्ट्राने पाहिला आहे. त्या फेसामागे कारखाने आहेत, तशी न चाललेली घरगुती सांडपाण्याची केंद्रेही आहेत.

सांडपाण्याच्या उलट टोकाला येणाऱ्या पाण्याचा प्रश्न. अर्जात स्रोत म्हणून ग्रामपंचायत, एमआयडीसी किंवा विकास प्राधिकरण लिहिलेले असते, सोबत हमीपत्र. पुरवठ्याचे पत्र आणि पुरवठ्याची वाहिनी या वेगळ्या गोष्टी. वाहिनी नसेल तर बोअर आणि टँकर. मावळाच्या जमिनीत वर मुरूम आणि खाली बेसाल्टचा कातळ. पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. तळघरासाठी खोल खोदाई करून पंपाने पाणी उपसले की शेजारच्या शेतातली विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. जलपुनर्भरणाचे खड्डे दर पाच हजार चौरस मीटरला एक या हिशोबाने नकाशावर ओळीत मांडलेले दिसतात. सलग कातळावर ते पाणी मुरवत नाहीत, नुसते धरून ठेवतात. तिथे भूजलतज्ज्ञाचा भेगांचा अभ्यास मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पावसाच्या पाण्याचा हिशोब तर बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यावर उभा असतो. शिवाजीनगर वेधशाळेचा सरासरी पाऊस सव्वासातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या घरात. लोणावळ्याचा चार हजारांच्या वर. या दोन टोकांमध्ये दर काही किलोमीटरला पाऊस बदलतो, म्हणून जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद हवी. दहा हेक्टर जागेवर तासाला 60 मिलिमीटर पाऊस पडला तर 60 लाख लिटर पाणी येते. माळरान आणि शेत असताना त्यातले 30 टक्के वाहून गेले असे धरले तर 18 लाख लिटर. त्याच जागेवर छपरे, रस्ते आणि फरशी झाल्यावर 80 टक्के, म्हणजे 48 लाख लिटर. एका तासात अडीचपटीहून जास्त पाणी त्याच जुन्या ओढ्यात उतरते, आणि बऱ्याचदा तो ओढा आराखड्यात ‘नाला वळविणे’ या शब्दांत पाइपात गेलेला असतो.

भाताच्या खाचराचे काम इथे लक्षात येते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ सगळ्यांना ठाऊक आहे. तो पिकवणारे बांधबंदिस्त खाचर पाणीही अडवते, हे अर्जात कुठे दिसत नाही. बांधाआड 15 सेंटीमीटर पाणी उभे राहिले तरी एका हेक्टरात 15 लाख लिटर थांबते आणि सावकाश झिरपते. अर्जात मात्र त्या जमिनीचे वर्णन ‘पडीक’ किंवा ‘मोकळी’ असे येते. खाचरे बुजवायची असतील तर तेवढे पाणी थांबवणारे तळे आराखड्यात हवे, ही अट रास्त आहे आणि मुरूम टाकण्याआधीच घालायला हवी.

कागदावर न दिसणारे दुसरे म्हणजे ऋतू. मोठ्या प्रकल्पाच्या अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची निरीक्षणे पुरतात. सह्याद्रीच्या कातळसड्यांवरचे जीवन पावसावर चालते. कंदीलपुष्पाच्या जाती, कीटक खाणारी सीतेची आसवे, बेडूक, खेकडे जून ते ऑक्टोबर या काळात दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरलेल्या पथकाला वाळलेले गवत दिसते आणि यादीत सुबाभूळ, निलगिरी, कावळा, साळुंकी एवढेच येते. यादी खोटी नसते, अपुरी असते. जागेची पाहणी भर पावसात एकदा तरी व्हावी हे त्यासाठीच. त्याच फेरीत डोंगराचा उतारही कळतो. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. पण आधी पोकलेनने उतार कापून सपाट केला आणि मग मोजणी केली तर नकाशा निर्दोष निघतो. पुणे जिल्ह्यातल्याच आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. त्यानंतर मावळात उताराचे जुने नकाशे आणि उपग्रहचित्रे न पाहता कोणी शिफारस करू नये.

नद्यांना पूररेषा आखलेल्या असतात: निळी 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. गावओढ्यांना त्या बहुधा नसतात. तिथे म्हाताऱ्या शेतकऱ्याने दाखवलेली पाण्याची खूण हाच पुरावा असतो. बाकी हवेतली धूळ, जनरेटरचा धूर, ओल्या कचऱ्याचे यंत्र, सौर पाणीतापक यांच्या अटी आता ठरून गेल्या आहेत. वाहतुकीचा अंदाज मात्र तपासावा. तळेगाव-चाकण रस्ता कारखान्यांच्या पाळ्या सुटताना कसा तुंबतो हे दुपारी बारा वाजता केलेल्या मोजणीत येत नाही.

या सगळ्या छाननीतली सर्वांत मोठी त्रुटी अशी की ती एका वेळी एकच प्रकल्प पाहते. प्रत्येक अर्ज स्वतःपुरता बरोबर ठरू शकतो. एकाच ओढ्यावर असे दहा अर्ज आले की दीड लाख लिटरचे पंधरा लाख लिटर होतात आणि त्या एकत्रित भाराचा ताळेबंद कोणाच्याच फाइलीत नसतो. सुधेसारख्या लहान नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा हिशोब आधी मांडून ठेवला, तरच एकेका प्रकल्पाला दिलेल्या मंजुरीला अर्थ राहील. दुसरी त्रुटी म्हणजे 2006 च्या अधिसूचनेने बांधकाम आणि नगरवसाहतींच्या प्रकल्पांना जाहीर सुनावणीतून वगळले. ओढा कुठून वाहतो, विहीर कधी आटते, गुरे कुठे चरतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना बोलावण्याची सक्तीच नाही.

मंजुरी अटींसह मिळते. दर 80 चौरस मीटरला एक झाड, वरच्या सुपीक मातीचा थर काढून जपणे, उघड्या जमिनीवर मनोरंजन मैदान, आणि दर सहा महिन्यांनी पालन अहवाल. अटी मोडल्या की काय होते याचे पुण्यातले ठळक उदाहरण सिंहगड रस्त्यावरच्या गोएल गंगा प्रकल्पाचे. 2008 मध्ये सुमारे 57 हजार 658 चौरस मीटर आणि 552 सदनिकांसाठी मंजुरी होती. प्रत्यक्षात 807 सदनिका झाल्या. बांधीव क्षेत्र म्हणजे फक्त एफएसआयमध्ये (चटईक्षेत्र निर्देशांकात) मोजले जाणारे क्षेत्र, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2018 रोजी तो नाकारला आणि 100 कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या 10 टक्के, यांतली जास्त असेल ती रक्कम भरायला लावली. दंड झाला, इमारती उभ्याच राहिल्या. त्या आधी मुळशीतल्या लवासा या डोंगरातल्या नगरवसाहतीला केंद्राने 25 नोव्हेंबर 2010 रोजी नोटीस दिली, तेव्हा वरसगाव धरणाच्या काठचे डोंगर कापून झाले होते. छाननी उशिरा झाली की तिच्या हाती दंडाची पावती उरते.

मंजुरीनंतर विकासकाने सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची असते, त्यातली एक मराठीत, आणि मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांची सवलत मिळते. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. अर्ज समितीपुढे असताना तो ‘परिवेश’वर कोणालाही वाचता येतो आणि लेखी हरकत पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. नवलाख उंबऱ्यासारख्या प्रत्येक ग्रामसभेने आपले ओढे, झरे, विहिरी आणि पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या जागा नकाशावर मांडून, ठराव करून त्याची प्रत समितीकडे आणि प्राधिकरणाकडे आताच पाठवून ठेवावी.