एक प्रवासी, एकच सवलत

मोखाडा तालुक्यात रेल्वे नाही. नाशिकला जायचे तर त्र्यंबकेश्वरमार्गे एसटी, पालघरला जिल्ह्याच्या कामासाठी जायचे तर जव्हार, विक्रमगडवरून पुन्हा एसटीच; आणि मुंबईची लोकल गाठायची तर आधी घाट उतरून कसारा गाठावे लागते. नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी लोकवस्तीच्या या तालुक्यात प्रवासखर्चाचा प्रश्न म्हणजे प्रामुख्याने एसटीच्या तिकिटाचा प्रश्न होय. एसटीची भाडेवाढ २५ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, ती १४.९५ टक्क्यांची. त्यानंतर त्याच वर्षी जुलैपासून आगाऊ आरक्षणावर १५ टक्के सूट देण्याची योजना आली. वाढ जवळजवळ १५ टक्के आणि सूटही १५ टक्के, म्हणजे हिशेब फिटला, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात ही सूट कोणाला मिळते, ती अन्य सवलतींना जोडून घेता येते काय आणि मोखाड्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती पोहोचते काय, हे प्रश्न शिल्लक राहतात.

एसटीच्या सवलती तीसच्या आसपास समाजघटकांना मिळतात. त्यांतील नेहमीच्या व्यवहारातल्या मोजक्याच. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे भाडे. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेखाली मोफत प्रवास. सर्व महिलांना १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान’ योजनेखाली निम्मे भाडे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत, आणि शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास. दिव्यांग, काही दुर्धर आजारांचे रुग्ण, स्वातंत्र्यसैनिक, पुरस्कारप्राप्त व्यक्ती असे अनेक गट याखेरीज आहेत.

सवलती इतक्या असल्या, तरी नियम एकच: एका प्रवाशाला एका तिकिटावर एकच सवलत. सत्तर वर्षांची आजी महिला म्हणूनही निम्म्या भाड्याची हक्कदार आहे आणि ज्येष्ठ नागरिक म्हणूनही. पण निम्मे आणि निम्मे मिळून तिचे तिकीट फुकट होत नाही. नऊ वर्षांच्या मुलीचे अर्धे तिकीट ती मुलगी आहे म्हणून पुन्हा निम्मे होत नाही. वाहकाशी होणाऱ्या वादावादीचे एक कारण हेच असते; आणि वाहकाचा त्यात काही दोष नसतो.

आगाऊ आरक्षणावरील १५ टक्के सूट याच नियमात बसते. १५० किलोमीटरांहून अधिक अंतराच्या प्रवासासाठी आगाऊ आरक्षण करणाऱ्या, पूर्ण भाडे भरणाऱ्या प्रवाशांसाठी ती जाहीर झाली. सवलतधारक प्रवासी तिच्यातून वगळले गेले. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीसारखे गर्दीचे हंगामही वगळले गेले. त्यामुळे महिलेने महिनाभर आधी आसन राखून ठेवले, तरी तिच्या निम्म्या भाड्यावर आणखी १५ टक्के वजा होत नाहीत. समजा, तसे झाले असते तरी एकूण सूट ६५ टक्के ठरली नसती, हेही लक्षात घेण्याजोगे. शंभराचे आधी पन्नास होतात, आणि मग १५ टक्के त्या पन्नासावर मोजले जातात, म्हणजे साडेसात रुपये. एकूण सूट ५७.५ टक्के. दोन टक्केवाऱ्यांची थेट बेरीज करण्याची चूक शहरातल्या मोठमोठ्या दुकानांतही ग्राहक नेहमी करतात.

सवलतींची बेरीज का होऊ देत नाहीत, याचे उत्तर पैसा कोणाच्या खिशातून जातो यात आहे. महिला, ज्येष्ठ, विद्यार्थी यांना मिळणारी सवलत ही सामाजिक सवलत. तिकिटातून न आलेली ती रक्कम राज्य शासन महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून देते, किंवा देणे लागते. आगाऊ आरक्षणाची सूट मात्र व्यापारी स्वरूपाची. रिकाम्या जाणाऱ्या आसनांवर प्रवासी बसावेत, गर्दीचा अंदाज आधी यावा, यासाठी महामंडळ ती स्वतःच्या उत्पन्नातून सोडते. निम्मे भाडे भरणाऱ्या प्रवाशाचे उरलेले निम्मे शासनाकडून यायचे असते, तेही सवडीने. अशा तिकिटावर महामंडळ स्वतःच्या वाट्यातून आणखी काही सोडायला तयार होत नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. मात्र ‘सर्व प्रवाशांसाठी सूट’ असा समज पसरू देणे बरोबर नाही.

हाच भेद जगभरच्या प्रवासव्यवसायात आढळतो. समुद्रसफर घडविणाऱ्या कंपन्या जहाजावर असतानाच पुढच्या सफरीची अनामत भरणाऱ्या प्रवाशाला काही लाभ देऊ करतात. जुन्या प्रवाशाची सूट, लवकर आरक्षणाची सूट, तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाची सूट अशा आणखी काही योजना असतात. त्यांतील कोणत्या एकत्र चालतात, हे शेवटच्या बारीक अक्षरांतल्या एका वाक्यावर ठरते: ‘अन्य सवलतींसोबत लागू नाही’. शिवाय सूट मिळते ती केबिनच्या मूळ भाड्यावर. बंदराचे शुल्क आणि कर पूर्णच भरावे लागतात. एसटीच्या तिकिटातही लहानशा प्रमाणात हेच घडते. निम्म्या भाड्याचे तिकीट काढणाऱ्या महिलेला तिकिटावरचा आकडा निम्म्याहून किंचित जास्त दिसतो, कारण अपघात सहाय्यता निधीची रक्कम आणि वातानुकूलित गाडीत वस्तू व सेवा कर यांवर सवलत नसते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचे तिकीट शून्य रुपयांचे असले, तरी आसन आधी राखायचे झाल्यास आरक्षणाचा आकार द्यावा लागतो.

रेल्वेचाही नियम हाच: एका वेळी एकच सवलत. पूर्वी साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या महिलांना ५० टक्के सूट होती. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती पूर्ववत झाली नाही. दिव्यांगांचे काही प्रवर्ग, काही आजारांचे रुग्ण आणि काही विद्यार्थी यांच्याच सवलती राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये रेल्वेने सणांसाठी जाण्या-येण्याचे तिकीट एकदम काढणाऱ्यांना परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट प्रायोगिक तत्त्वावर दिली. जाणे १३ ते २६ ऑक्टोबर आणि परतणे १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळातच हवे, दोन्ही तिकिटांवर नावे, वर्ग आणि स्थानके तीच हवीत, तिकीट रद्द केल्यास परतावा नाही, आणि परतीच्या तिकिटावर दुसरी कोणतीही सवलत, पास किंवा कूपन चालणार नाही, अशा तिच्या अटी होत्या. सूट २० टक्के खरी, पण ती निम्म्याच प्रवासावर. म्हणजे जाण्या-येण्याच्या एकूण मूळ भाड्यावर १०.

एका प्रवाशाच्या सवलती एकत्र होत नाहीत. एका कुटुंबाच्या मात्र होतात. हे नीट समजून आरक्षण केल्यास खरी बचत साधते. आजोबा ७७ वर्षांचे, आजी ६८ वर्षांची, मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू असे पाच जण १५० किलोमीटरांपलीकडच्या गावी निघाले आणि पूर्ण तिकीट ४०० रुपये आहे, असे धरून चालू. कोणतीही सवलत नसती, तर चार पूर्ण आणि एक अर्धे मिळून १,८०० रुपये झाले असते. आता आजोबांचे शून्य, आजी, सून आणि नातू यांचे प्रत्येकी २००, मुलाचे ४००, एकूण १,०००. आगाऊ आरक्षणाची सूट लागू असलेल्या दिवशी मुलाचे तिकीट ३४० रुपयांवर येते आणि एकूण ९४० होतात. निधी आणि आरक्षणाचा आकार त्यावर वेगळा. लवकर आरक्षण करण्याच्या धडपडीतून वाचले ते ६० रुपये. ८०० रुपये सामाजिक सवलतींनी आधीच वाचवले होते, आणि त्यांसाठी आगाऊ आरक्षणाची गरज नव्हती, खिशात वयाचा पुरावा असणे पुरेसे होते.

पासांच्या बाबतीत मात्र आकडेमोड करूनच ठरवावे. नेहमीच्या मासिक पासात २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास करता येतो, त्रैमासिकात ५० दिवसांचे भरून ९० दिवस. रोज जव्हार-मोखाडा ये-जा करणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याला तो लाभाचा. त्याच मार्गावरच्या शिक्षिकेने पूर्ण दराचा पास घेतला तर तिचे नुकसानच होते, कारण तीस दिवसांची निम्मी तिकिटे पंधरा दिवसांच्या भाड्यात बसतात. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास १९८८ पासून चालत आला आहे. जव्हारचा राजवाडा आणि सूर्यमाळचे पठार पाहून परतणाऱ्या शहरी पर्यटकाला तो परवडण्याची शक्यता कमी; कोकणापासून विदर्भापर्यंत भटकणाऱ्यालाच तो परवडतो. राज्याची हद्द ओलांडून सिल्वासा किंवा गुजरातकडे जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की महिला आणि अमृत ज्येष्ठ या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असतात. पुढचे भाडे पूर्ण द्यावे लागते.

मोखाड्यापुरता विचार केला तर १५ टक्क्यांच्या सुटीचे मोल फारच थोडे उरते. नाशिक आणि पालघर दोन्ही १५० किलोमीटरांच्या पुष्कळ आत आहेत. तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात, होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचे निघणे मुकादमाचा निरोप आणि हातातली उचल यांवर ठरते. त्यांच्याकडून महिनाभर आधी आसन राखण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्यांच्या जगण्याची माहिती नसणे होय. त्यांना उपयोगी पडते ते बाईचे निम्मे तिकीट, म्हाताऱ्याचे शून्य तिकीट आणि पोरीचा मोफत पास. तेही गाडी वेळेवर आली तरच. पाड्यापर्यंत गाडी गेलीच नाही, तर शंभर टक्के सवलतीचीही किंमत शून्य.

मोखाड्यासारख्या गावांना सवलती एकत्र करण्याची एक संधी मात्र आहे, आणि ती फारशी लोकांना ठाऊक नाही. आषाढीसाठी ४० किंवा अधिक भाविकांनी मिळून मागणी केल्यास थेट गावातून पंढरपूरला गाडी देण्याची योजना महामंडळाने अलीकडच्या वर्षांत राबवली, आणि त्या गाडीतही महिला सन्मान आणि अमृत ज्येष्ठ या सवलती लागू ठेवल्या. गाडी समूहाची, सवलत प्रत्येकाची आपापली. आगाऊ आरक्षणाची १५ टक्के सूट २०२५ च्या आषाढीत नियमित गाड्यांपुरती होती, जादा गाड्यांना ती नव्हती; त्यामुळे गावातल्या चाळिशीतल्या वारकऱ्याला पूर्णच भाडे पडले. मात्र त्याच्या शेजारी बसलेल्या आईला निम्मे पडले, वडिलांना काहीच नाही, आणि तिघांनाही कसारा किंवा नाशिक गाठून गाडी बदलावी लागली नाही. अशी मागणी एकत्र करून, याद्या आणि वयाचे दाखले घेऊन आगाराकडे वेळेत जायचे, तर ते काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. मोखाड्यातल्या गावांसाठी ते आगार जव्हारचे.