बंबास वाट कोणीं ठेविली?

आग लागली म्हणजे बंब उशिरां आला असा ओरडा करण्यास आम्ही सारे तत्पर असतों. परंतु बंबास वाट कोणीं ठेविली होती, हें कोणी विचारीत नाहीं. मुंबईच्या अग्निशमन दलाचा इतिहास चाळला म्हणजे हाच प्रश्न पुनःपुन्हां पुढें येतो.

इ. स. १८०३ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या कोटांत भयंकर आग लागली. वस्ती दाट, गल्ल्या अरुंद; बाजाराचा मोठा भाग भस्म झाला. त्यानंतर एतद्देशीयांची वस्ती कोटाबाहेर वाढूं लागली, पण जातांना तिनें आपली दाटी बरोबर नेली. आग विझविण्याचें काम पुष्कळ वर्षें पोलिसांकडे होतें. ज्यांनीं चोर धरावयाचे त्यांच्याच गळ्यांत घोड्यांचे बंबही! १८८७ सालीं तें म्युनिसिपालिटीकडे आलें, लंडनच्या दलांतील अनुभवी अधिकारी मुख्य नेमला गेला, व १९०७ मध्यें मोटारीचा बंब आला. एतद्देशीय मनुष्य मुख्य होण्यास मात्र १९४८ साल उजाडावें लागलें.

१९४४ च्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीस आग लागली. पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें, आणि त्याच बोटींत कापसाच्या हजारों गांठी! कापूस व दारू एकत्र भरूं नये हें गोदीवरील हमालासही समजतें. पण युद्धाच्या घाईंत शहाण्यांस तें समजलें नाहीं. धोक्याचा तांबडा बावटाही बोटीवर नव्हता. बंबवाले पाणी मारीत राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. ६६ बंबवाले कामावर मेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो.

पण गोदींतला दोष सरकारच्या माथीं मारून व्यापारी बंधूंस सुटतां येणार नाहीं. २०१५ च्या मे महिन्यांत काळबादेवीच्या गजबजलेल्या पेठेंत एक जुनी इमारत पेटली व कोसळली. तींत दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी गेला, आणि त्यांत खुद्द मुख्य अधिकारी होते. अशा पेठांतील जिने आम्हीं पाहिले आहेत. पायऱ्यांवर मालाचे गठ्ठे, दारांत विजेच्या तारांचें जाळें, गल्लींत हातगाड्या. जागेचें भाडें फार, हें खरें. म्हणून कोणाच्या जिवाची जागा अडवावी काय?

२००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें अग्निरोधक साधनें चालू स्थितींत ठेवण्याचा भार मालक व भोगवटादार यांवर घातला आहे, आणि वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, तसें प्रमाणपत्र देणें आवश्यक केलें आहे. प्रमाणपत्र हा कागद आहे. तो टेबलापाशीं बसूनही मिळवितां येतो. तेव्हां येत्या खेपेस कागद हातीं घेण्यापूर्वीं मालकांनीं एकदां दिवे मालवून, अंधारांत, आपलाच जिना चढून पाहावा. कितव्या पायरीवर गठ्ठ्याची ठेंच लागते तें त्यांचें त्यांसच कळेल.