बदलता येणारा विद्युतघट आणि ई-सिगारेटचे आयुष्य

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकून द्यावयाच्या ई-सिगारेटच्या विक्रीस बंदी आली. 'मटेरियल फोकस' या संस्थेच्या २०२३ मधील अंदाजानुसार त्या देशात दर आठवड्याला अशी सुमारे ५० लाख उपकरणे टाकून दिली जात होती. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी या उपकरणांतील लिथियम-आयन घट ४५० हून अधिक वेळा पुन्हा प्रभारित होऊ शकतात, असे दाखवून दिले. अल्पायुषी होते ते उपकरण, घट नव्हे.

नव्या नियमानुसार उपकरण पुन्हा प्रभारित करता येणारे व द्रव पुन्हा भरता येणारे असावे आणि त्यातील कॉइल बदलता यावी. घट बदलता आलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि ही उणीव लहान म्हणता येणार नाही. सामान्यतः ३०० ते ५०० आवर्तनांनंतर घटाची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. रोज एकदा प्रभारण केल्यास हा काळ वर्ष-दीड वर्षाचा ठरतो. घट आत कायमचा जोडलेला असल्यास त्याच्याबरोबर सुस्थितीतील मंडल, पडदा व आवरणही कचऱ्यात जाते. युरोपीय संघाने मात्र २०२३ च्या नियमनाद्वारे हातातील उपकरणांचे घट वापरणाऱ्यास काढता यावेत अशी तरतूद केली असून ती १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरविले आहे.

दीर्घकाळ वापरावयाच्या उपकरणांत प्रामुख्याने '१८६५०' हा घट आढळतो. व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर, हाच त्या अंकांचा अर्थ. निवड करताना ग्राहक क्षमतेचा आकडा पाहतो. वस्तुतः घट सातत्याने किती विद्युतधारा सुरक्षितपणे देऊ शकतो, हे आधी पाहावयास हवे. पूर्ण प्रभारित घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. कॉइलचा रोध ०.५ ओहम असल्यास धारा ८.४ अँपिअर होते, ०.१५ ओहम असल्यास ती २८ अँपिअरवर जाते. २० अँपिअर मर्यादेच्या घटास हा भार धोकादायक आहे. नियंत्रक मंडल नसलेल्या यांत्रिक उपकरणात हे गणित वापरणाऱ्यालाच करावे लागते, म्हणून ते नवख्याच्या हाती नसलेलेच बरे. दोन घटांच्या उपकरणात एकाच बनावटीची, एकाच वेळी घेतलेली जोडी नेहमी एकत्र वापरावी.

घट सुटा होताच नवी जबाबदारी येते. त्याचे संपूर्ण धातूचे कवच ऋण अग्र असते. धन अग्राभोवतीची कडाही ऋणच. वरचे पातळ प्लास्टिक वेष्टन फाटल्यास किंवा सुटा घट खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत ठेवल्यास लघुपरिपथ होऊन आग लागू शकते. त्यासाठी प्लास्टिकची डबी पुरते.

ही चर्चा धूम्रपान न करणाऱ्यास ई-सिगारेटकडे नेण्यासाठी नाही. निकोटिनचे व्यसन घट बदलून सुटत नाही. भारतात तर २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांस मनाई आहे. तथापि हाच घट आपल्याकडे विजेरीत आणि पॉवर बँकेत घरोघरी आहे, आणि फाटलेल्या वेष्टनाचा धोका तेथेही तितकाच आहे.