वळवाची वीज आणि घराची तदबीर

वळवाचा ढग दिसला की कोकणातल्या घरांत धावपळ उडते. अंगणातली आंब्याची साठे, पापड, मिरच्या आत येतात, सरपणावर ताडपत्री पडते. फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टरचे प्लग मात्र भिंतीत तसेच राहतात. आखातात राबणाऱ्या माणसाच्या कमाईतून आलेल्या या वस्तू क्षणात निकामी होऊ शकतात, आणि त्याहून मोठा धोका घरातल्यांच्या जिवाला असतो. सध्या बकरी ईदही मे-जूनच्या सुमारास येते, म्हणजे फ्रीज भरलेला असतानाच आभाळ भरून येते.

"आमच्याकडे एमसीबी आहे," असे सांगून बरेच जण निर्धास्त राहतात. एमसीबी शॉर्टसर्किट झाले किंवा तारेवर जादा भार आला तर बंद पडतो. पावसाळ्यातले तीन धोके त्याच्या कामाबाहेरचे आहेत.

पहिला धोका आकाशातल्या विजेचा. ती घरावरच पडावी लागते असे नाही. दूर लाइनवर पडली तरी तारांतून दाबाची लाट घरात शिरते. स्टॅबिलायझर तिच्या वेगाला पुरा पडत नाही. त्यासाठी मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवतात. तो ही लाट जमिनीत वळवतो. असे धक्के खाऊन तो झिजतो, म्हणून त्यावर खूण असेल तर ती अधूनमधून पाहावी.

दुसरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. आपल्या घरात 230 व्होल्ट येतात, पण खांबावरच्या दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्टचा दाब असतो. वाऱ्याने फांदी पडून न्यूट्रल तुटला, तर काही घरांत दाब त्या बाजूला चढतो. दिवे एकाएकी प्रखर झाले तर ताबडतोब मेन स्विच बंद करावा. जादा दाब येताच पुरवठा तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर अशा वेळी कामाला येतो.

तिसरा धोका ओलाव्याचा. भिंत ओली, हात ओले, फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरलेला. अशा वेळी माणसाला वाचवते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. तिच्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ती पडली नाही तर वायरमनला बोलवावे.

यांतल्या सर्ज प्रोटेक्टरचा सगळा भरवसा अर्थिंगवर आहे. लाट जिरवायला जमीनच मिळाली नाही, तर तो नुसता शोभेचा. फ्रीजच्या पत्र्यात उतरलेल्या करंटलाही वाट लागते ती अर्थिंगचीच. कोरड्या मातीतून वीज सहज जात नाही, आणि आपली जांभ्याची जमीन मे महिन्यात पार सुकते. नेमके तेव्हाच वळीव येतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे आणि पावसाआधी वायरमनकडून ते मोजून घ्यावे.

तरीही वीज अगदी जवळ पडली, तर कोणत्याही उपकरणाची हमी नाही. खात्रीचा उपाय एकच, ढग दाटू लागताच प्लग काढणे. टीव्हीची डिशची तार आणि राउटरची तारही काढावी, कारण लाट तिथूनही येते. वीज असताना बहुतेक इन्व्हर्टर तोच पुरवठा पुढे देतात, म्हणून इन्व्हर्टरचाही प्लग काढावा. आम्ही वर्गात मुलांना मोजायला शिकवतो: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर 3 सेकंदांना साधारण 1 किलोमीटर. हे अंतर 30 सेकंदांच्या आत आले, तर प्लगला हात लावायची वेळ टळली असे समजावे. नळ आणि तारांपासून दूर बसावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर आगाऊ इशारा देते. वीज गेली तर फ्रीज बंद करावा आणि पुरवठा परतल्यावर पाचेक मिनिटांनी सुरू करावा.

ज्यांचे घर वर्षभर बंद असते, त्यांनी जाताना मेन स्विच बंद करून सगळे प्लग काढून ठेवावेत.

आपल्या मशिदींचाही विचार व्हावा. मिनार गावात सर्वांत उंच, आणि भोंग्याची तार तिथून थेट माइकपर्यंत येते. डोक्यावर वीज कडाडत असताना मुअज्जिनसाहेबांनी माइकविना अजान द्यावी. मिनारावरचा तडितरोधक इमारत वाचवतो, ॲम्प्लिफायर नव्हे. त्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

कुरआनच्या 13व्या सूरहचे नावच 'रअद', म्हणजे मेघगर्जना. विजेत भीतीही आहे आणि पावसाची आशाही, याची आठवण ती देते. रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवण्याची ताकीद आपल्या रसूलांनी (सल्ल.) दिली होती, घराला आग लागू नये म्हणून. आजच्या घरात प्लग काढणे ही त्याच काळजीची गोष्ट आहे. तवक्कुल अल्लाहवर, पण तदबीर आपल्याच हातांनी करायची असते. या रविवारी घरातला मेन बोर्ड उघडून पाहा, त्यात काय आहे आणि काय नाही.