‘भा. पू. श्र.’ आणि बदललेली वेळ

गेल्या पावसाळ्यात आपल्या ग्रुपवर एका ज्येष्ठ सभासदांच्या निधनाची बातमी सकाळी सव्वासातला आली. अंत्यविधी अंबरपेटच्या स्मशानभूमीत दुपारी चार वाजता, असे त्यांच्या जावयांनी लिहिले होते. पुढे मुलाला बंगळुरूहून लवकरचे विमान मिळाले आणि वेळ अलीकडे आली. साडेदहाच्या सुमारास जावयांनी ‘चारऐवजी दीड’ असा दुसरा निरोप टाकला. तोपर्यंत आरआयपी, भा. पू. श्र., ॐ शांती आणि जोडलेल्या हातांची चित्रे मिळून साठाच्या वर निरोप झाले होते, आणि त्यानंतरही येतच राहिले. त्या गर्दीत तो निरोप बुडाला. काचीगुड्यात चाळीस वर्षे त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेले, आता मुलाकडे दिलसुखनगरला गेलेले एक काका चारला दहा मिनिटे कमी असताना हार घेऊन पोहोचले. चिता अर्धी जळून गेली होती.

पुढच्या बैठकीत यावरून बराच वाद झाला. एका सभासदांचे म्हणणे असे की ‘भा. पू. श्र.’ लिहिणे हा मृताचा अपमान आहे. दोन शब्द पूर्ण लिहायला वेळ नसेल तर लिहूच नये. दुसऱ्यांचे म्हणणे, गेलेला माणूस ग्रुप वाचत नाही, भावना पोहोचल्याशी कारण. शेवटी ‘तुम्ही यावर लिहा’ असे आम्हाला सांगण्यात आले.

पहिली गोष्ट, लघुरूपांना नाके मुरडणारे आपण मराठी लोक स्वतः लघुरूपांवरच वाढलो आहोत. ती. रू., चि., सौ., ह. भ. प., शि. सा. न. वि. वि., अ. उ. आ. ही सगळी आपल्या पत्रांतली मंडळी. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लागणारे ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, वारकऱ्यांच्या घरी ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. पाटीवर, पत्रिकेत, स्मृतिचषकावर आपण सर्रास ‘कै.’ लिहितो आणि त्यात कोणाला अनादर दिसत नाही. ‘कै.’ चालते आणि ‘भा. पू. श्र.’ चालत नाही, याला काही कारण द्यावे लागेल.

आम्हाला सुचते ते असे. जुन्या पत्रात मायना आखडता असे, मजकूर नसे. ‘सा. न. वि. वि.’ एका दमात उरकून माणूस मुद्द्यावर येई: तुमच्या वडिलांनी आम्हाला अमुक वेळी आधार दिला, आता आईंची तब्येत कशी आहे, धाकटीच्या परीक्षेचे काय. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला सुरू झाले. त्या एवढ्याशा कार्डावरही लोक मायन्यात जागा वाचवून ती माणसासाठी वापरत. ‘भा. पू. श्र.’मध्ये मायना नाही, मजकूर नाही, सही तेवढी मोबाइल आपोआप करतो.

कमी शब्द म्हणजे कमी माया, असेही नाही. तार आठवा. तिथे शब्दाला पैसे पडत. कोणी गेले तरी तारेत सहसा तसे लिहीत नसत, ‘मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली’ एवढेच असे. घेणाऱ्याला अर्थ कळायचा. तरी मनमाडच्या गाडीत बसून नांदेड-परभणीपर्यंतची रात्र काढायला एक धागा हातात राहायचा. चार शब्दांची ती तार, पण वाचणाऱ्याचा प्रवास कसा होईल याचा विचार तीत केलेला होता. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ती सोय गेली याचे दुःख नाही, पण तो विचारही तिच्याबरोबर गेला की काय, असे कधी कधी वाटते.

आता आरआयपी. दर दोन-तीन महिन्यांनी ग्रुपवर एक लांबलचक लेख फिरतो. हे पुरलेल्या माणसासाठी असते, तो कबरीत न्यायाच्या दिवसाची वाट पाहत पडून असतो, दहन करणाऱ्यांनी हे लिहू नये, वगैरे. ही अक्षरे मुळात इंग्रजीही नाहीत. ‘रेक्विएस्कात इन पाचे’ या लॅटिन प्रार्थनेची ती आद्याक्षरे आहेत आणि इंग्रजी भाषांतराची आद्याक्षरे योगायोगाने तीच येतात. अर्थ ‘शांततेत विसावो’ एवढाच. प्रार्थना ख्रिस्ती आहे हे खरे, म्हणून ज्यांना सद्गती किंवा ॐ शांती म्हणायचे त्यांनी ते म्हणावे. पण मृतासाठी आद्याक्षरे वापरणे त्याहून जुने आहे. रोमन लोक थडग्यांवर एस टी टी एल अशी चार अक्षरे कोरत, म्हणजे ‘सिट टिबी टेरा लेविस’, तुझ्यावरची माती तुला हलकी होवो. दगड कोरणे महाग, म्हणून चार अक्षरे. पण ज्याचे थडगे त्याचे नाव आणि बहुधा वयही शेजारी पूर्ण कोरलेले असे.

लघुरूपाने खरा अपमान होतो तो कधी कधी जिवंत माणसाचा. आपल्या निमंत्रणपत्रिकांत विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ लावण्याची रीत होती. गंगाभागीरथी, म्हणजे शब्द तर पवित्र नद्यांचा. पण सौ. पुसून त्या जागी आलेली ती दोन अक्षरे कित्येक बायकांना कपाळावर मारलेल्या शिक्क्यासारखी वाटली, आणि पुष्कळ घरांनी आता ‘श्रीमती’ स्वीकारले आहे. आपल्याकडे अजूनही काही यजमान ‘पद्धत आहे’ म्हणून गं. भा. छापतात. भा. पू. श्र.वर वाद घालण्याआधी या अक्षरांकडे पाहिले असते तर बरे झाले असते.

म्हणजे आमच्या मते मृताचा अपमान होत नाही. श्रद्धांजली मृताला असते, ती एका अक्षरात द्या की मौनात. सांत्वन मागे राहिलेल्यांचे करायचे असते, आणि गल्लत इथे होते. आपण श्रद्धांजली टाकतो आणि सांत्वन झाले असे समजतो.

सांत्वनाला शब्द फार लागतात असेही नाही. आपल्या शहरात मुस्लिम शेजारी ‘पुरसा’ द्यायला जातात. तो शब्द फारसीतल्या ‘विचारणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. आपण ‘समाचाराला’ जातो, तेही विचारपूस करायलाच. दोन भाषांनी एकाच गोष्टीला एकच नाव ठेवावे, ही गंमत काचीगुड्यासारख्या वस्तीत राहिल्यावर लक्षात येते. समाचाराला गेलेला माणूस बोलतो थोडेच. निघताना ‘येतो’ म्हणत नाही, घरचेही ‘या’ म्हणत नाहीत, नुसते उठून जायचे. पण बसल्या बैठकीत तो विचारतो: शेवटी बोलले का, काही खाल्ले होते का, तुम्ही जेवलात का. आरआयपी काहीच विचारत नाही.

वर सांगितलेल्या घरी आम्ही दहाव्याच्या आधी जाऊन आलो. काकूंनी ग्रुप पाहिलाच नव्हता. मुलीने सगळे निरोप वाचले होते आणि त्यातला एकच तिने आईला वाचून दाखवला होता. तो असा होता: ‘काकांनी मला आयटीआयचा फॉर्म भरून दिला होता, फीसुद्धा त्यांनीच भरली, घरी सांगू नको म्हणाले.’ काकूंना ही गोष्ट माहीत नव्हती. आम्ही बसलो असताना त्यांनी मुलीला तो निरोप पुन्हा वाचायला लावला. त्यात श्रद्धांजली हा शब्दही नव्हता, शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.

बैठकीत लघुरूपांवर बंदी घालायचे ठरले नाही, आणि ते योग्यच झाले. कोणाला टायपिंग जमत नाही, कोणाची दृष्टी कमी झाली आहे. नव्वदीच्या एक आजी फक्त जोडलेले हात पाठवू शकतात आणि ते आवर्जून पाठवतात. ठरले ते एवढेच. निधनाची बातमी आल्यावर ग्रुप अंत्यविधी होईपर्यंत फक्त संचालकांसाठी खुला राहील. बातमीत पूर्ण नाव, वय, घरचा पत्ता, निघण्याची वेळ आणि स्मशानभूमी एवढे असावे. वेळ बदलली तर संचालक जुना निरोप काढून नवा वर लावतील, आणि ग्रुपवर नसलेल्या किंवा तो न पाहणाऱ्या ज्येष्ठांना दोन सभासद फोन करतील. त्या फोनसाठी पासष्टच्या वरच्या सभासदांची यादी आम्ही तयार करत आहोत. ज्यांचे नंबर बदलले असतील त्यांनी रविवारी सायंकाळी कार्यालयात कळवावे. दिलसुखनगरच्या काकांचा नंबर यादीत सर्वांत वर घातला आहे.