पोकळ अक्षरांत ‘वडीगोद्री’ लिहून बघा!

गॅदरिंगचं पोस्टर करायचंय आणि अक्षर हवंय एकदम मस्तीखोर. हातानं काढल्यासारखं, नुसत्या कडा असलेलं, आतून रिकामं. इंग्रजीत असे फाँट ढिगानं मिळतात. मराठीत मात्र स्क्रोल करून अंगठा दुखतो. असं का होतं?

कागद घ्या आणि ‘वडीगोद्री’ लिहा. हो, तेच, जालना जिल्ह्यातलं, अंबड तालुक्यातलं. दिसायला चारच अक्षरं. फाँटच्या हिशेबात मात्र सात तुकडे होतात : व, ड, वेलांटी, ग, काना-मात्रा, द्र आणि पुन्हा वेलांटी. टाइप करताना हे तुकडे शेजारी शेजारी येऊन बसतात. भरीव अक्षरात सांधा दिसत नाही. पण पोकळ अक्षरात प्रत्येक तुकड्याची कड बंद असेल, तर शिरोरेघेत सहा ठिकाणी उभ्या भिंती दिसतील. अख्खं गाव खोल्याखोल्यांत वाटलेलं!

यावर उपाय आहे. शिरोरेघेची दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे शेजारचं अक्षर आत शिरतं. वेलांटीची कमान जिथं अक्षराला टेकते, तिथली आतली रेघ पुसायची. मग शब्दाची सुरुवात आणि शेवट मोकळा राहतो, त्याला वेगळं बंद टोक द्यायचं. त्यात जोडाक्षरं वेगळी काढावी लागतात. इंग्रजीच्या कितीतरी पट काम!

तरी आपल्याकडे लोकांनी अशी मस्ती केलीय. ‘एक टाइप’च्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ बघा. हातानं काढलेल्या अक्षरांतून तो सुरू झाला. त्यात उलटा खेळ आहे : अक्षर गुबगुबीत आणि आतली पोकळी बारीक चिरेएवढी. गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. आणि कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं शोधा. 2020 मध्ये ते गेले, पण त्यांच्या अक्षरावरून नाटकाचा स्वभाव आजही कळतो.

गावातला पेंटरही आधी खडूनं कड काढायचा, मग रंग भरायचा. तो तुकडे जोडत नव्हता, अख्खा शब्द एकदम काढायचा. त्यामुळे भिंतीची भानगडच नव्हती. फ्लेक्स आला आणि वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळ्यांना तीच ती अक्षरं मिळाली.

म्हणून एक काम करा. तुमच्या गावातली हातानं रंगवलेली जुनी पाटी गाठा, दुकानाची, शाळेची, पिठाच्या गिरणीची. समोरून सरळ फोटो काढा. घरी त्यावर पातळ कागद ठेवून नुसती कड गिरवा. जमलं तर ‘फाँटफोर्ज’ हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवा आणि पहिलं अक्षर त्यात बसवा. एक लक्षात ठेवा, पोकळ अक्षर मोठ्या आकारातच शोभतं. बारीक केलंत तर दोन कडा एकमेकींना चिकटतात.

फाँट पुरा व्हायला वर्ष लागेल, लागू दे. पाटी मात्र या दिवाळीच्या रंगरंगोटीतच पुसली जाऊ शकते. आधी फोटो काढा.